माझ्या मापाची सायकल बांधून घेऊ का?

पत्राचा सारांश : पत्रलेखकाचे वय 49 वर्षे, उंची 168 सेंटिमीटर. तरुणपणापासून ते नियमित सायकल चालवतात. सुटीच्या दिवशी 60-70 किलोमीटरची फेरी आणि वर्षातून एकदा सामान लादून आठवडाभराचा प्रवास, असा त्यांचा शिरस्ता आहे. सध्याची ॲल्युमिनियमची सायकल 11 वर्षांची झाली असून तासाभरानंतर त्यांच्या करंगळ्या बधिर होतात आणि मान आखडते. एखाद्या कारागिराकडून स्वतःच्या मापाची, लग (नळ्यांच्या सांध्यावर बसणारी धातूची बाही) लावून जोडलेली स्टीलची सायकल बांधून घ्यावी, हे त्यांचे जुने स्वप्न आहे. त्यासाठी लागणारी रक्कम चांगल्या तयार सायकलीच्या साडेतीन पट होते आणि तेवढे पैसे त्यांनी बाजूला टाकलेले आहेत. पत्नीचा विरोध नाही, पण तिने विचारले, ‘यात सायकल किती आणि हौस किती?’ याचे उत्तर त्यांना देता आले नाही. ‘माझे पाय आखूड आणि धड लांब असल्याने तयार सायकल मला कधीच नीट बसणार नाही, शिवाय ही माझी शेवटची सायकल असेल, म्हणजे खर्च एकदाच होईल,’ असे त्यांचे म्हणणे आहे. एवढे पैसे घालणे योग्य ठरेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर :

तुमच्या प्रश्नापेक्षा तुमच्या पत्नीने विचारलेला प्रश्न मला अधिक कामाचा वाटला, म्हणून उत्तराची सुरुवात त्यापासून करतो. पैसे वसूल होतील का, या प्रश्नाला हौसेच्या बाबतीत उत्तरच नसते. पण यातला सायकलीचा भाग किती आणि हौसेचा किती, हे मात्र बऱ्यापैकी वेगळे काढून दाखवता येते. ते काढल्यावर हौसेच्या वाट्याला मोठा आकडा आला, तरी सायकल घेऊ नये असे मी म्हणणार नाही. मात्र तो आकडा ‘मापा’च्या नावाखाली लपवून घरात सांगू नये, एवढा माझा आग्रह राहील.

तुमच्या पत्रात रंगाविषयी, लगच्या नक्षीविषयी आणि वरच्या नळीवर घालायच्या नावाविषयी भरभरून लिहिलेले आहे. बधिर करंगळ्या आणि आखडणारी मान मात्र दोन ओळींत आटोपली आहे. मला त्या दोन ओळींची चिंता वाटते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते तेव्हा बहुधा तळहाताच्या टाचेजवळून जाणाऱ्या अल्नर मज्जातंतूवर दाब पडत असतो, आणि सायकलवर तो दाब पडतो तो हातांवर शरीराचे वजन जास्त आल्यामुळे. हे वजन का येते याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात. सीटचे नाक किंचित खाली झुकलेले असले की शरीर पुढे घसरते आणि ते थोपवण्याचे काम दिवसभर हात करत राहतात. सीट फार पुढे सरकवलेली असली, हँडल फार खाली असले किंवा टायरमध्ये दगडासारखी हवा भरलेली असली, तरी हेच होते. हँडल खाली असले की समोर पाहण्यासाठी मान वर उचलून धरावी लागते, तेव्हा मानेचे दुखणेही बहुधा याच घरातले असावे.

आता एक विसंगती पाहा. आखूड पाय आणि लांब धड असलेल्या माणसाला तयार सायकल खटकते ती साधारणपणे आखूड म्हणून. हँडल फार लांब आहे ही तक्रार उलट्या बांध्याच्या माणसाची, म्हणजे लांब पाय आणि आखूड धड असलेल्याची असते. त्यामुळे तुमच्या त्रासाचे मूळ फ्रेमच्या लांबीत असण्यापेक्षा हँडलची उंची, सीटचा कोन आणि टायरमधली हवा यांत असण्याची शक्यता मला अधिक दिसते. सायकल समोर नसताना खात्रीने सांगता येणार नाही. पण ही शंका फिटण्याआधी नव्या फ्रेमसाठी पैसे मोजणे घाईचे ठरेल. सायकलवरून उतरल्यावरही बोटांची बधिरता तासन्‌तास टिकत असेल, तर आधी डॉक्टरांना हात दाखवा.

म्हणून पहिले काम असे, की आहे त्याच सायकलवर फिटिंग, म्हणजे सीट-हँडल तुमच्या शरीराला जुळवण्याचे काम, करून घ्या, आणि तेही शक्यतो तुम्हाला सायकल विकण्यात ज्याचा फायदा नाही अशा जाणकाराकडून. स्टेम, म्हणजे हँडल धरून ठेवणारा आडवा तुकडा, साधारण 10 मिलिमीटरच्या फरकाने वेगवेगळ्या लांबीत मिळतो आणि बरेचसे स्टेम उलटे बसवले की हँडल थोडे वर येते. सीट मागे-पुढे सरकते आणि तिचा कोन बदलतो; हे करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काही फेऱ्या मारून पाहावे, नाहीतर गुण कशामुळे आला हे कळत नाही. याचा खर्च तुमच्या स्वप्नाच्या तुलनेत किरकोळ आहे. त्रास गेला, तर ‘माप’ हे कारण तुमच्या यादीतून कमी झाले. गेला नाही, तरी काही वाया जात नाही, कारण कोणत्याही कारागिराला जी मापे लागतात ती आता तुमच्या हाताशी आलेली असतात.

तयार सायकल आपल्याला बसतच नाही, ही समजूत इतर अनेकांचीही असते, म्हणून तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहितो. फ्रेमवर लिहिलेला आकार फारसे काही सांगत नाही. पाहायचे असतात ते स्टॅक आणि रीच हे दोन आकडे. क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या मध्यापासून हेडट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या आखूड नळीच्या, वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक आणि त्याच दोन बिंदूंमधले आडवे अंतर म्हणजे रीच. बहुतेक उत्पादक हे आकडे जाहीर करतात. लागोपाठच्या दोन आकारांच्या रीचमधला फरक अनेकदा 10 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो आणि उरलेली तफावत स्टेम भरून काढतो. मधल्या उंचीच्या माणसाला याचा अर्थ असा, की निरनिराळ्या उत्पादकांचे तक्ते शेजारी ठेवून नीट शोध घेतला, तर स्वतःच्या मापाच्या अगदी जवळ जाणारी फ्रेम बहुधा सापडते. लांब धडासाठी जास्त रीच आणि आखूड पायांसाठी मागे उतरत जाणारी वरची नळी, अशा फ्रेम आज भरपूर आहेत. तुम्ही असा शोध घेतल्याचे पत्रात कुठे दिसत नाही.

खरी अडचण होते ती टोकाच्या बांध्याच्या लोकांची. ठेंगण्या चालकांसाठी बनवलेल्या सर्वांत लहान फ्रेममध्येही अनेकदा मोठ्यांचीच 700सी चाके, म्हणजे टायर बसण्याच्या जागी 622 मिलिमीटर व्यास असलेली चाके कोंबलेली असतात. मग वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागते आणि ते टाळण्यासाठी उत्पादक फ्रेमचे कोन ओढूनताणून बदलतो, त्यामुळे सायकलचे वागणे बिघडते. त्यावरचा सरळ उपाय म्हणजे 584 किंवा 559 मिलिमीटरची लहान चाके आणि त्या चाकांभोवती आखलेली फ्रेम. फार उंच माणसांची गत उलटी : सीटचा दांडा हातभर बाहेर आलेला, हँडलखाली कड्यांची चळत रचलेली आणि तरीही क्रँक आखूडच. एक पाय लहान असलेले, पाठीची शस्त्रक्रिया झालेले किंवा एका हाताने ब्रेक लावावा लागणारे लोकही आहेत. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी या गटात मोडत असेल, तर त्याने माझ्या पुढच्या शंकाकुशंका बाजूला ठेवाव्यात. बांधून घेतलेली सायकल ही त्याच्यासाठी चैन नव्हे. 168 सेंटिमीटर उंचीच्या माणसाला मात्र हे कारण सहजासहजी पुढे करता येणार नाही.

यापुढचा प्रश्न ‘शेवटची सायकल’ या शब्दांचा. मापाने बांधलेली सायकल म्हणजे शरीराच्या प्रश्नाचे कायमचे उत्तर, असे तुम्ही गृहीत धरले आहे. बेल्जियमचा विख्यात सायकलपटू एडी मर्क्सचे उदाहरण घ्या. त्याच्यासाठी इटलीतले उत्तमोत्तम कारागीर सायकली बांधत. 1972 साली मेक्सिको सिटीत एका तासात 49.431 किलोमीटर अंतर कापून त्याने विक्रम केला, ती सायकल एर्नेस्तो कोल्नागोने बांधलेली होती. आणि हाच मर्क्स 1969 सालच्या ट्रॅकवरच्या भीषण अपघातानंतर आपल्या सीटची उंची सतत बदलत राहिला, कधीकधी तर चालू शर्यतीत. माप एकदा घेतले की ते कायमचे ठरले, असे त्याच्या बाबतीतही झाले नाही. तुमचे वय आज 49 आहे. साठीला कंबर इतकी वाकणार नाही, हँडल वर घ्यावे लागेल, कदाचित सीटही बदलेल. लग्नात शिवलेला कोट पंचविसाव्या वाढदिवसाला जसा घट्ट होतो, तसा आजच्या शरीरावर मिलिमीटरपर्यंत बेतलेला सांगाडा उद्या अडचणीचा होऊ शकतो. बांधूनच घ्यायची झाली, तर कारागिराला स्पष्ट सांगा की हँडल पुढे दोन-तीन सेंटिमीटर वर घेता येईल अशी सोय आतापासूनच ठेवावी.

शरीराइतकेच सुटे भागही बदलतात. रोड सायकलच्या मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, रुंदी एके काळी 126 मिलिमीटर होती, ती 130 झाली आणि डिस्क ब्रेकबरोबर आरपार ॲक्सलची 142 आली. रिमवर दाबणारे ब्रेक मागे पडत चालले. स्टीलच्या बाजूने एवढे म्हणता येते, की मागचे दांडे थोडे फाकवून घेता येतात, वाकलेली नळी कापून नवी बसवता येते आणि वेल्डिंग जाणणारा माणूस कुठेही भेटतो. पण ज्या फ्रेमला डिस्क ब्रेकची सोयच नाही तिला ती मागाहून जोडणे सोपे नसते. म्हणून शेवटची सायकल हवी असेल, तर तिच्यात नवलाई कमीत कमी असावी : आट्यांचा बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आस ज्यात फिरतो तो भाग), 27.2 मिलिमीटरचा साधा गोल सीट पोस्ट, नळ्यांच्या बाहेरून जाणाऱ्या केबल आणि मडगार्ड लावूनही रुंद टायर मावेल इतकी मोकळी जागा. नळीच्या पोटातून केबल काढलेली सायकल दिसते सुरेख. पण प्रवासात आडगावी केबल बदलायची वेळ आली, की त्या सौंदर्याचा राग येतो.

स्टील रस्त्याचे धक्के पिऊन टाकते, असे तुम्ही लिहिले आहे आणि हा समज सर्वदूर आहे. स्टीलचा ताठपणा ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट असतो, म्हणूनच ॲल्युमिनियमच्या नळ्या जाड व्यासाच्या करतात. पण त्रिकोणात जोडलेली फ्रेम, मग ती कशाचीही असो, उभ्या दिशेने फारच थोडी दबते. धक्के सोसण्याचे काम मुख्यतः टायर करतात, त्यानंतर सीट आणि तिचा दांडा. तुमच्या सायकलला आज 28 मिलिमीटरचे टायर असतील आणि 32 किंवा 35 मिलिमीटरचे मावत असतील, तर ते घालून, हवा कमी करून एक लांब फेरी मारा. पुष्कळ लोकांना स्टीलचा म्हणून जो गुण वाटतो, तो रुंद टायरचा असतो.

स्टील वाईट आहे, असा मात्र याचा अर्थ नाही. सामान लादून जाणाऱ्यासाठी मी स्वतः तेच सुचवीन. टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशी नळी ओढण्याच्या पद्धतीचे पेटंट नळ्या बनवणाऱ्या इंग्लंडच्या रेनॉल्ड्सकडे 1897 पासून होते आणि 1935 साली आलेल्या त्यांच्या ‘531’ या मिश्रधातूच्या नळ्यांवर कित्येक दशके उत्तम सायकली बांधल्या गेल्या. सांध्यापाशी ताण जास्त, तिथे धातू जास्त. मध्ये ताण कमी, तिथे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडी पुरते. पण अशा नळ्यांच्या कारखान्यात बनलेल्या, सामान नेण्यासाठीच आखलेल्या तयार फ्रेमही मिळतात. तेव्हा स्टील हवे म्हणून बांधून घेतो, हे कारण पुरेसे नाही.

इथवर मापाचा, टिकाऊपणाचा आणि धातूचा असे तिन्ही मुद्दे तपासले, आणि तुमच्या बाबतीत तिन्ही तयार सायकलीनेही बहुतांशी भागतात. याचा अर्थ त्या साडेतीन पटींपैकी सायकलीचा भाग साधारण एक पट किंवा थोडा अधिक. उरलेले कशासाठी, हे आता सरळ पाहता येते.

ते मुख्यतः हाताच्या कामासाठी आहे. लग म्हणजे दोन नळ्यांच्या सांध्यावर बसणारी पोकळ धातूची बाही. कारागीर एका नळीचे टोक दुसरीच्या गोलाईवर फट न राहता बसेपर्यंत कानसीने घासतो, सांध्यावर फ्लक्स (धातूवर गंजाचा थर धरू न देणारा लेप) लावतो, मग ज्योत एका जागी न थांबवता फिरवत राहतो. धातू मंद लाल होऊ लागला की चांदीच्या मिश्रणाची बारीक तार लगच्या एका कडेला टेकवतो. ती वितळते आणि नळी व लग यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत आपोआप ओढली जाते. पलीकडच्या कडेला चमकती रेघ उमटली, की सांधा आतपर्यंत भरला हे कळते. उष्णता जास्त झाली तर पातळ नळीचे नुकसान, कमी झाली तर सांधा आतून कोरडा. त्यानंतर लगची टोके कानसीने घासून पातळ करण्यात तासन्‌तास जातात. चांगल्या वेल्डरने केलेला टिगचा, म्हणजे लग न वापरता विजेच्या ज्योतीने नळ्या थेट जोडणाऱ्या वेल्डिंगचा, सांधाही पुरेसा मजबूत असतो आणि तो फार लवकर होतो. म्हणजे लगसाठी तुम्ही जे जास्तीचे मोजता, त्याने सायकल वेगवान होत नाही की हलकीही होत नाही. एका माणसाचे अनेक दिवसांचे काम तुमच्या दारात उभे राहते, इतकेच. ते तुम्हाला रोज पाहावेसे वाटणार असेल, तर त्यासाठी पैसे मोजण्यात लाजण्यासारखे काही नाही. पत्नीलाही नेमके हेच सांगा, करंगळ्यांचे निमित्त पुढे करू नका. पैसे खरोखरच बाजूला काढलेले असतील आणि त्यातून घरातले दुसरे काही अडणार नसेल, तर माझ्या मते हे उत्तर त्यांना पटण्याची शक्यता मापाच्या लंगड्या समर्थनापेक्षा अधिक आहे.

पैशांचा हिशेब मांडताना एक गोष्ट मनात पक्की करा : अशी सायकल विकायला काढली तर फार कमी किंमत येते, कारण ती दुसऱ्याच कोणाच्या अंगाची असते. मात्र तुमची उंची मधली आहे, आणि हीच गोष्ट तुम्हाला उपयोगी पडू शकते. मधल्या मापाच्या माणसांनी हौसेने बांधून घेतलेल्या सायकली अधूनमधून विक्रीला येतात, आणि फिटिंगमधून तुमचा स्टॅक आणि रीच हाताशी असला तर त्यांतली एखादी तुम्हाला चपखल बसूही शकते. कारागिराचा तोच हात, तीच नक्षी, खर्च पुष्कळ कमी. रंग तुमचा नसेल, पण रंग बदलता येतो. घेण्यापूर्वी सांध्यांपाशी बारीक तडा आहे का, नळ्या पिचल्या आहेत का आणि आतून गंज चढला आहे का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. याखेरीज, फक्त फ्रेम आणि फोर्क बांधून घेऊन बाकीचे भाग मध्यम दर्जाचे लावणे हाही एक मार्ग आहे. गिअर, चेन, टायर झिजून जाणारच असतात. त्यांच्यावर सुरुवातीलाच सर्वोच्च दर्जाचा खर्च करण्याची गरज नाही. अपवाद चाकांचा. सामान नेणाऱ्याने मागचे चाक 36 तारांचे आणि हाताने नीट ताण देऊन बांधलेले घ्यावे. मध्येच तार तुटण्याचा मनस्ताप टळतो.

एवढे करूनही कारागिराकडे जायचे ठरले, तर त्याला पाठवायच्या पहिल्या पत्रात रंगाचा उल्लेख करू नका. सध्याच्या सायकलीत काय खटकते, काय आवडते, सामान किती किलो असते आणि ते पुढे की मागे लादता, रस्ते कसे असतात, उतारावर सायकल कशी वागावी असे वाटते, हे लिहा. हे लिहायला बसलात आणि अर्ध्या पानावर थांबलात, तर समजा की अजून वेळ आलेली नाही. बांधून घेतलेली सायकल गिऱ्हाइकाला स्वतःला काय हवे हे जितके कळते तितकीच चांगली होते, आणि नेमकेपणाने मागता न येणाऱ्याच्या हाती बहुधा तयार सायकलीचीच महागडी नक्कल पडते. चांगला कारागीर तुम्हाला खूप प्रश्न विचारेल आणि एखाद्या मागणीला नकारही देईल. पहिल्याच भेटीत रंगांचा तक्ता पुढे करणाऱ्याविषयी मला शंका वाटते.

काम सुरू होण्यापूर्वी पूर्ण मापांचे रेखाटन मागून घ्या आणि त्यातले स्टॅक, रीच, सीटच्या नळीचा व हेडट्यूबचा असे दोन्ही कोन आणि टायरसाठीची मोकळी जागा फिटिंगच्या आकड्यांशी ताडून पाहिल्याशिवाय मान्यता देऊ नका, कारण नळ्या एकदा कापल्या की बदल करता येत नाही. हे धंदे बहुतेक एकट्या माणसाचे असतात. त्याचे आजारपण, अडचण किंवा दुकान बंद होणे, यांतले काहीही तुमचे आगाऊ पैसे अडकवू शकते. म्हणून सगळी रक्कम आधी देऊ नये. मागणी नोंदवताना थोडी, रेखाटन मान्य झाल्यावर थोडी, फ्रेम जोडून झाल्यावर आणखी आणि उरलेली सायकल हाती आल्यावर, असे टप्पे लेखी ठरवावेत. मुदत टळली तर काय आणि सांध्यात दोष निघाला तर दुरुस्ती किती वर्षांपर्यंत, हेही त्याच कागदावर असू द्या. नावाजलेल्या कारागिरांकडे महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून अधिक काळ थांबावे लागते, तेव्हा जुनी सायकल आधीच विकून मोकळे होऊ नका.

तुम्हाला माझे सांगणे असे : हा हंगाम जुन्याच सायकलीवर काढा. आधी फिटिंग, मग रुंद टायर आणि मग सामानासह तुमचा नेहमीचा प्रवास. त्या प्रवासात रोज संध्याकाळी सायकलविषयी जे खटकले ते वहीत उतरवा. परत आल्यावर वहीत खटकणाऱ्या गोष्टी भरपूर असतील आणि बाजारातली कोणतीही फ्रेम त्यांचे एकत्र समाधान करत नसेल, तर मागणी नोंदवा. वही कोरी असेल आणि लगचा ध्यास मात्र तसाच असेल, तरी नोंदवायला हरकत नाही, फक्त पत्नीच्या प्रश्नाला प्रामाणिक आकड्यात उत्तर देऊन. आणि वही कोरी व ध्यासही ओसरलेला असेल, तर स्टीलची चांगली तयार फ्रेम घ्या आणि तिच्यावर उत्तम चाके चढवा. उरलेल्या पैशांत वर्षातून एकाऐवजी दोन प्रवास करता येतील का, याचा हिशेब तुम्ही दोघांनी मिळून मांडायचा आहे.